ग्रह, कृपा आणि माणसाची इच्छा : संत ऑगस्टीनचे जीवन

जुन्या गोव्यातील होली हिल या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक उंच, भग्न मनोरा उभा आहे. बॉम जेझूसचे चर्च पाहून झाल्यावर सहलीची मंडळी तिकडे फिरकतात, छायाचित्र घेतात आणि बसकडे वळतात. १५७२ साली गोव्यात आलेल्या ऑगस्टिनियन संघाच्या साधूंचे हे चर्च १६०२ साली पुरे झाले आणि १८४२ साली त्याचे छत कोसळले. ज्या संताच्या नावाने हा संघ ओळखला जातो त्याने गोवा पाहिला असण्याचा प्रश्नच नाही. तो या साधूंच्या आधी सुमारे बाराशे वर्षे, उत्तर आफ्रिकेत होऊन गेला. परंतु माणसाच्या हाती काय आहे आणि काय नाही, या प्रश्नावर पश्चिमेकडील ख्रिस्ती जगाने पुढे जे जे म्हटले ते बहुतेक या एका माणसाच्या बाजूने किंवा त्याच्या विरुद्ध उभे राहून म्हटले आहे.

दैव मोठे की प्रयत्न मोठा, हा वाद आपल्याला परका नाही. महाभारतात तो आहे, समर्थांनी यत्नाची थोरवी गायिली तेव्हा तोच त्यांच्यापुढे होता, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तो घरोघरी होतो. आपल्याकडे मात्र या वादाला पूर्वजन्माचा टेकू आहे. आज वाट्याला आले ते मागे केव्हा तरी आपणच पेरलेले, असे म्हणून मनाची समजूत घालता येते. ख्रिस्ती विचारात ही सोय नाही. जन्म एकच आणि त्या एका आयुष्याचाच न्याय व्हायचा. मग दोन माणसांच्या वाट्याला इतके वेगळे का येते? एकाचे मन वळते आणि दुसऱ्याचे वळत नाही, ते कोणामुळे? ऑगस्टीनने हा प्रश्न ग्रंथांतून उचलला नाही. तो त्याच्या स्वतःच्या आयुष्यात सलत होता, म्हणून त्याचे विचार सांगायचे तर आधी त्याचे आयुष्य सांगणे भाग आहे.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरियातील सूक अहरास ते हेच. बाप पॅट्रिशियस बेताच्या ऐपतीचा जमीनदार, तापट आणि जुन्या रोमन देवांना मानणारा. मरणापूर्वी थोडे दिवस तो ख्रिस्ती झाला. आई मोनिका मात्र मुळातच श्रद्धाळू ख्रिस्ती. मुलगा हुशार निघाला, त्याला शिकवून मोठ्या हुद्द्यावर चढवावा, याबद्दल दोघांचे एकमत होते. पण पैसा पुरेना. सोळाव्या वर्षी शिक्षण थांबले आणि एक वर्ष गावात उनाडण्यात गेले.

त्या वर्षातली एक गोष्ट त्याने पुढे चाळिशी उलटल्यावर आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात सविस्तर लिहिली आहे. घराजवळच्या बागेत नासपतीचे एक झाड होते. एका रात्री टोळक्याने ते हलवून सगळी फळे पळवली. फळे काही विशेष चांगली नव्हती. पोरांना भूकही नव्हती. थोडी चाखून बाकीची डुकरांपुढे टाकली. बिशपच्या पदावर बसलेल्या माणसाने मूठभर फळांच्या चोरीवर इतकी पाने खर्च करावीत, याचे आजवर पुष्कळांना हसू आले आहे. पण त्याला बोचत होते ते चोरीचे मोल नव्हेच. लोभाने चोरी केली तर ती समजते. येथे काहीच मिळवायचे नव्हते. वाईट करण्यात मजा वाटली म्हणून वाईट केले. इच्छा नावाची ही वस्तू आपल्या आत असूनही आपल्याला कळत नाही, हा त्याचा पहिला धडा.

रोमानियानस नावाच्या एका धनिकाच्या मदतीने तो कार्थेजला गेला. तेथे तो वक्तृत्वशास्त्र शिकला. तेथेच त्याने एका स्त्रीशी संबंध जोडला आणि वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास त्याला मुलगा झाला. मुलाचे नाव ठेवले अदेओदातुस. या लॅटिन नावाचा अर्थ आपल्या देवदत्ताचाच. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याला ज्ञानाची ओढ लागली. त्याने बायबल उघडले, पण सिसेरोच्या भाषेपुढे ते त्याला ओबडधोबड वाटले आणि त्याने ते मिटले.

त्यानंतर सुमारे नऊ वर्षे तो इराणातील मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथात राहिला. जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन सनातन तत्त्वे झुंजत आहेत, माणसाचा आत्मा प्रकाशाचा आणि त्याला चिकटलेली वासना अंधाराची, असे हे लोक मानीत. या शिकवणीत तरुण ऑगस्टीनला काय गोड लागले ते त्याने मागाहून मोकळेपणी सांगितले आहे. पाप घडले तर ते आपण केले नाही, आपल्यातल्या त्या दुसऱ्या तत्त्वाने केले, असे म्हणता येत होते.

याच काळात त्याला ज्योतिषाचा नाद होता. जन्मवेळ सांगावी, ग्रह मांडावेत, भविष्य ऐकावे. विंडिसियानस नावाच्या एका वृद्ध वैद्याने त्याला समजावले की हे शास्त्र आपणही तरुणपणी शिकलो होतो आणि खोटे म्हणून टाकून दिले. ऑगस्टीनला तेव्हा ते पटले नाही. पटले ते पुढे मिलानमध्ये, फर्मिनस नावाच्या मित्राने सांगितलेल्या हकिकतीने. फर्मिनसचे वडील आणि त्यांचे एक स्नेही दोघेही ज्योतिषवेडे. घरच्या जनावरांच्या पिलांचीही जन्मवेळ टिपून ठेवीत. फर्मिनसच्या आईचे दिवस भरले तेव्हाच त्या स्नेह्याची एक दासीही बाळंत व्हायची होती. दोन्ही घरांतून निरोप्ये धावले ते वाटेत बरोबर मध्यावर भेटले, इतकी दोन्ही जन्मांची वेळ एक होती. म्हणजे पत्रिका एकच. फर्मिनस संपत्तीत आणि मानात वाढला. दासीचा मुलगा गुलाम राहिला. ऑगस्टीनने यावरून साधा हिशेब केला. ज्योतिष्याने दोघांची पत्रिका पाहून एकच भविष्य सांगितले तर ते एकाबाबत खोटे, आणि वेगवेगळे सांगितले तर ते पत्रिकेवरून सांगितलेले नाही. तेथे त्याचा ग्रहांवरचा विश्वास संपला. हा युक्तिवाद आपल्याकडच्या पत्रिका जुळवणाऱ्या मंडळींनी एकदा तरी वाचावा असा आहे. एक मात्र ध्यानात ठेवायचे. ग्रहांनी तो भेद केला नाही हे सिद्ध झाले, पण भेद जागच्या जागीच राहिला. मालकाचा मुलगा आणि दासीचा मुलगा यांत फरक कोणी केला?

३८३ साली तो आईला चकवून रोमला गेला. आई किनाऱ्यावरच्या एका प्रार्थनास्थळी प्रार्थना करीत राहिली आणि याचे जहाज रात्री सुटले. पुढच्या वर्षी मिलान येथे, त्या वेळच्या राजधानीच्या शहरात, वक्तृत्वाच्या अध्यापकाची सरकारी जागा त्याला मिळाली. मोनिका मागोमाग आलीच. मिलानचा बिशप अँब्रोज याची प्रवचने तो प्रथम केवळ भाषेसाठी ऐकू लागला आणि हळूहळू आशयात गुंतला. प्लेटोच्या अनुयायांचे ग्रंथ वाचून त्याला असेही वाटू लागले की वाईट हे स्वतंत्र तत्त्वच नव्हे, तो चांगल्याचा अभाव आहे. मानीच्या पंथाची शेवटची पकड अशी सुटली. आता दोष अंधाराच्या तत्त्वावर टाकता येईना, ग्रहांवर टाकता येईना. उरली ती स्वतःची इच्छा.

आणि नेमके येथेच गाडे अडले. चांगला हुद्दा मिळवायचा तर श्रीमंत घरची वधू हवी होती. मोनिकेने स्थळ जमवले. मुलगी लग्नाच्या वयाला दोन वर्षे कमी होती. जी स्त्री त्याच्याबरोबर बारा-तेरा वर्षे राहिली, तिला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. पुन्हा कोणत्याही पुरुषाजवळ जाणार नाही, अशी शपथ घेऊन ती गेली आणि मुलाला बापाजवळ ठेवून गेली. याने मात्र वधू मोठी होईपर्यंतची दोन वर्षेही न थांबता दुसरी स्त्री ठेवली. हे सगळे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या पहिल्या स्त्रीचे नाव मात्र त्याने कोठेही लिहिलेले नाही. जिच्या वियोगाने काळजाला जखम झाली असे तो सांगतो, तिच्या वाट्याला त्याच्या एवढ्या ग्रंथसंभारात नावाचे चार वर्णही आले नाहीत. इच्छास्वातंत्र्यावर लिहिणाऱ्याने तिच्या इच्छेचा विचार केला होता की नाही, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारांना सहजी टाळता येत नाही.

३८६ सालचा ऑगस्ट. मिलानमधील बिऱ्हाडाच्या बागेत तो आणि त्याचा मित्र अलिपियस बसले होते. थोड्याच वेळापूर्वी एका पाहुण्याने इजिप्तमधील अँटनी या तपस्व्याची आणि त्याचे चरित्र वाचून नोकऱ्या सोडणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची हकिकत सांगितली होती. अडाणी माणसे पुढे जातात आणि आम्ही विद्वान चिखलात लोळतो, या विचाराने ऑगस्टीन कासावीस झाला. त्याला काय करायचे ते ठाऊक होते, करावेसे वाटतही होते, तरी होत नव्हते. या अवस्थेचे त्याने केलेले पृथक्करण आजच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल. मन हाताला हल म्हणते आणि हात हलतो. मन मनालाच वळ म्हणते आणि ते वळत नाही. असे का? तर सांगणारे मन पुरते सांगत नाही. अर्धे हवे असते, अर्धे नको असते. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या लाडांतून सवय, आणि सवयीला वेळीच अडवले नाही की तीच सक्ती होऊन बसते. साखळीची प्रत्येक कडी आपण स्वतः घडवलेली, आणि तरीही आता ती आपल्याला तोडता येत नाही. आपल्या प्रारब्धाच्या कल्पनेशी याचे नाते जवळचे आहे. फक्त येथे सगळा व्यवहार एकाच जन्मात उरकतो.

त्या बागेत शेजारच्या घरातून कोणा मुलाचा आवाज त्याला ऐकू आला. उचलून वाचावे, अशा अर्थाचे काही ते मूल गाणे म्हटल्यासारखे पुनःपुन्हा म्हणत होते. त्याने जवळचे पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील चैनबाजी सोडून ख्रिस्ताला धारण करा असे सांगणारा भाग समोर आला, आणि गाठ सुटली. ही गाठ आपण सोडवली असे त्याला कधीच वाटले नाही. त्याच्या पुढच्या सगळ्या सिद्धांताचे मूळ या एका अनुभवात आहे.

३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोजच्या हस्ते त्याचा, त्याच्या मुलाचा आणि अलिपियसचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरात मोनिका वारली. आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच काळात अदेओदातुसही गेला, वय सोळा-सतरा. ऑगस्टीनला आता गावच्या घरी मित्रांसह अभ्यास आणि प्रार्थना एवढेच करीत राहायचे होते. त्या काळी लोक विद्वान माणसाला धरून बळेच धर्मगुरू करीत, म्हणून जेथे बिशपची जागा रिकामी असेल अशा गावी जाण्याचे तो टाळी. हिप्पो बंदरात वॅलेरियस हा बिशप होता, तेव्हा ३९१ साली तो तेथे निर्धास्तपणे गेला आणि चर्चमध्ये गर्दीने त्याला पकडले. वॅलेरियसला मदतनीस हवाच होता. ऑगस्टीन रडू लागला. एकदम बिशप केले नाही म्हणून बिचाऱ्याला वाईट वाटले असेल, अशी काहींनी त्याची समजूत घातली. पाच वर्षांच्या आत तो बिशप झालाही, आणि उरलेले सगळे आयुष्य, जवळजवळ चाळीस वर्षे, त्याने न निवडलेल्या त्या गावी काढले.

मानी पंथाला उत्तर म्हणून त्याने इच्छास्वातंत्र्यावर एक ग्रंथ लिहायला घेतला होता. वाईटाचे मूळ माणसाच्या स्वतंत्र इच्छेत आहे, देवात नाही आणि अंधारातही नाही, हा त्याचा आशय. हा ग्रंथ हिप्पोत पुरा झाला. पण ३९६-९७ च्या सुमारास मिलानच्या सिंप्लिसियानस या जुन्या स्नेह्याने पौलाच्या पत्रातील याकोब आणि एसाव यांच्याविषयी खुलासा विचारला. ही जुळी भावंडे. जन्मण्यापूर्वीच, दोघांनी बरेवाईट काहीही केलेले नसताना, देवाने धाकट्याला निवडले. का? ऑगस्टीनने पूर्वी यावर असे उत्तर दिले होते की याकोब पुढे विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसले. आता विचार करता करता ते उत्तर त्याच्या हातून निसटले. विश्वास ठेवावासा वाटणे हेदेखील ज्याने दिले तो देवच असेल, तर निवड विश्वासामुळे झाली असे म्हणता येत नाही. आपण स्वतंत्र इच्छेची बाजू राखण्याचा कसून प्रयत्न केला, पण अखेर कृपाच जिंकली, अशा अर्थाची नोंद त्याने म्हातारपणी आपल्या सगळ्या ग्रंथांची फेरतपासणी करताना केली आहे. दासीच्या मुलाचा प्रश्न जुळ्यांच्या रूपाने परत आला होता. पूर्वजन्माचे उत्तर त्याला माहीत नव्हते असे नाही. पण पौलाचे शब्दच ती वाट बंद करीत होते.

‘कबुलीजबाब’ हा ग्रंथ यानंतर लगेच लिहिला गेला. त्यातील एका प्रार्थनेत त्याने देवाला विनवले आहे की जे तू आम्हांला करायला सांगशील ते करण्याचे बळही तूच दे. रोममध्ये कोणीतरी हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा पेलेजियस नावाचा ब्रिटनहून आलेला एक तपस्वी संतापला. हा माणूस दुष्ट नव्हता. रोमच्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांना सदाचरण शिकवण्याची त्याला तळमळ होती. देव न्यायी आहे, तो अशक्य आज्ञा करणार नाही. तेव्हा आज्ञा आहे त्या अर्थी पाळण्याचे सामर्थ्यही माणसात आहे, सबबी सांगू नका, असे त्याचे म्हणणे. प्रयत्नवादाचा हा शुद्ध ख्रिस्ती अवतार. मला तरी सुरुवातीला पेलेजियसचीच बाजू सरळ वाटते, आणि बहुतेक तरुण वाचकांनाही वाटेल.

२४ ऑगस्ट ४१० रोजी गॉथांनी रोम लुटले. निर्वासितांच्या लोंढ्यात पेलेजियस आफ्रिकेत आला. पुढच्या वर्षी कार्थेजमध्ये ऑगस्टीनने त्याला ओझरते पाहिले. दोघांची समोरासमोर चर्चा झाली नाही. वाद लेखणीने झाला, तो वीस वर्षे पुरला. ऑगस्टीनचे उत्तर त्या बागेतून आलेले होते. ज्याने सवयीची साखळी अंगावर वागवलेली नाही तोच म्हणेल की मनात आणले की झाले. बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम सांगून काय उपयोग? माणसाची इच्छा नष्ट झालेली नाही, ती आजारी आहे. कृपा तिला बाजूला सारीत नाही, बरी करते. आणि बरी झालेली इच्छा जे निवडते ते ती स्वतःच निवडते. म्हणूनच ‘देवाचे नगर’ या बावीस भागांच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात त्याने ज्योतिष्यांची नियती आणि देवाचे पूर्वज्ञान यांची गल्लत करू दिली नाही. माणूस काय निवडील हे देव जाणतो. पण जाणतो ते माणसाची निवड म्हणूनच.

४१८ साली कार्थेजची धर्मपरिषद आणि सम्राट होनोरियस या दोघांनीही पेलेजियसचे मत त्याज्य ठरवले. येथपर्यंत ऑगस्टीनबरोबर चालता येते. पुढे तो जेथे गेला तेथे पाऊल अडखळते. आदमच्या पापाने सगळी मानवजात दोषी, त्यातून देव काहींना निवडतो आणि बाकीच्यांना त्यांच्या दोषात राहू देतो. बाप्तिस्म्यावाचून मेलेले तान्हे मूलही सौम्य का होईना, पण शिक्षेलाच पात्र. इटलीतील ज्युलियन नावाच्या बिशपाने त्याला सुनावले की म्हाताऱ्याच्या अंगातून मानीचा पंथ अजून गेलेला नाही. टोमणा जिव्हारी लागणारा होता. तान्ह्या मुलांविषयीचा विचार चर्चनेही पुढे सौम्य केला; २००७ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे असे म्हटले आहे. आणि आणखी एक गोष्ट. आफ्रिकेतील डोनाटिस्ट या फुटीर ख्रिस्ती गटावर सरकारी बळाचा वापर करण्यास ऑगस्टीनने प्रथम विरोध केला आणि नंतर संमती दिली. भीतीपोटी आलेली माणसे पुढे मनापासून चर्चमध्ये राहतात, असा आपल्या गावचा अनुभव त्याने सांगितला. देव इच्छेला आतून बरी करतो हे म्हणणे वेगळे आणि शिपायाने दंडुका उगारणे वेगळे; हा फरक त्याच्यासारख्या सूक्ष्मदृष्टीच्या माणसाला दिसू नये याचे नवल वाटते.

वाद त्याच्या हयातीतच शिष्यांपर्यंत पोहोचला. आफ्रिकेतील हद्रुमेतुम येथील मठात काही साधू म्हणू लागले की सगळे कृपेनेच होत असेल तर मठाधिपतीने चुकणाऱ्याला रागावू नये, नुसती प्रार्थना करावी. ऑगस्टीनने त्यांना दोन पुस्तके लिहून पाठवली. रागावणेही हवे, कारण कोणाला सुधारण्यासाठी देव तुमचे रागावणेच साधन करील हे तुम्हांला ठाऊक नाही. कोण निवडलेला आहे ते कोणालाच कळत नाही, तेव्हा सर्वांशी तो निवडलेला आहे असे समजूनच वागायचे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील साधूंचे समाधान एवढ्याने झाले नाही. ५२९ सालच्या ऑरेंजच्या परिषदेने कृपेची बाजू उचलून धरली, परंतु देव कोणाला वाईटासाठी नेमतो हे म्हणणे स्पष्टपणे नाकारले. पुढे सोळाव्या शतकात याच संघातील साधू मार्टिन ल्यूथर इच्छेच्या गुलामगिरीवर इरॅस्मसशी भांडला, आणि कॅल्विनने पूर्वनियोजनाला सर्वांत कठोर रूप दिले. स्कॉटलंड आणि अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आलेल्या अनेक मिशनऱ्यांची शिकवण याच परंपरेतली होती. तेव्हा मराठी ख्रिस्ती घरांतही हा वाद नकळत येऊन पोहोचला आहे.

४२९ साली वंडाल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या. गावे जळू लागली. धर्मगुरूंनी पळून जावे की राहावे, असे होनोरातुस नावाच्या बिशपाने पत्राने विचारले. सगळे देवाने ठरवलेलेच आहे, असे एका ओळीचे उत्तर ऑगस्टीनला देता आले असते. त्याने लांबलचक, व्यवहारी पत्र लिहिले. शत्रू एखाद्यालाच शोधत असेल तर त्याने निसटावे; संकट सर्वांवर असेल आणि लोक मागे राहणार असतील तर त्यांना सोडून जाऊ नये; राहणारे पुष्कळ असतील तर कोणी जावे यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. तो स्वतः राहिला.

४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीनला ताप आला. पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहून त्याने समोरच्या भिंतीवर लावून घेतली, आणि वैद्य व जेवण यांच्या वेळा सोडून कोणाला आत येऊ देऊ नये असे सांगितले. शेवटचे सुमारे दहा दिवस तो ती स्तोत्रे वाचीत आणि रडत पडून होता. २८ ऑगस्ट रोजी तो गेला, वय पंचाहत्तर. त्याचा मित्र आणि चरित्रकार पॉसिडियस लिहितो की मृत्युपत्र केलेले नव्हते, कारण ठेवायला काही नव्हते. पुस्तके तेवढी नीट जपावीत असे तो नेहमी सांगे. ज्युलियनला द्यायचे शेवटचे उत्तर मेजावर अर्धवट राहिले होते. शहर पुढे जळाले, ग्रंथालय वाचले.